माथ्यावरची मोकळी जागा

बाळाचं डोकं पुसून झालं, ओलं जावळ बाजूला सरलं आणि भोवऱ्याच्या जवळ एक लालसर, चकचकीत ठिपका दिसला. करंगळीच्या नखाएवढा. तिथे केस नाहीत, आणि नीट पाहिलं तर कातडीही नाही. वर फक्त फोडावर असतो तसला ओलसर, पातळ पापुद्रा. प्रसूतिगृहात त्या क्षणी सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो: हे कशाने लागलं?

बहुतेक वेळा कशानेच लागलेलं नसतं. त्या जागी कातडी तयारच झालेली नसते. वैद्यकात याला ‘अप्लेशिया क्युटिस कंजेनिटा’ असं भारदस्त नाव आहे. अर्थ एवढाच, की जन्मतःच कातडीचा एक तुकडा कमी आहे. साधारण १०,००० बाळांमागे एक ते तीन बाळांत हे आढळतं. यातल्या बहुसंख्य बाळांत ही जागा डोक्यावर असते, तीही मधल्या रेषेवर, माथ्याच्या टोकाला. नेमकी तिथेच का, याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण दिलं जातं. गर्भाच्या दहाव्या ते पंधराव्या आठवड्यात मेंदू झपाट्याने वाढतो आणि डोक्यावरची कातडी चहूबाजूंनी ताणली जाते. हा ताण सगळ्यात जास्त जिथे पडतो, तिथेच पुढे केसांचा भोवरा दिसतो. नाजूक कातडी तुटायची तर तिथेच तुटणार. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. आणि एकच कारण सगळ्या बाळांना लागू होतं असंही नाही.

इथे थोडं थांबून दोषारोपाबद्दल बोलायला हवं, कारण पहिल्या चोवीस तासांत घरच्यांची सगळी शक्ती त्यातच जाते. चिमटा लावून किंवा व्हॅक्यूमची वाटी लावून प्रसूती झाली असेल, तर संशयाची सुई लगेच तिकडे वळते. प्रसूतीतल्या जखमेभोवती सहसा सूज असते, काळंनिळं झालेलं असतं आणि कडा फाटल्यासारख्या असतात. जन्मजात कमतरतेच्या कडा बहुधा रेखीव असतात, जणू साच्याने गोल कापून काढावं तशा, आणि आजूबाजूची कातडी शांत असते. कधी कधी तर जागा गर्भातच भरून आलेली असते आणि जन्माच्या वेळी फक्त गुळगुळीत, बिनकेसांचा व्रण दिसतो. प्रसूतीत झालेल्या जखमेचा व्रण बाळासोबत जन्माला येऊ शकत नाही, हे लक्षात घेतलं तरी बरेच वाद मिटतील.

खाली काय आहे, यावर सगळं ठरतं

वरून दिसणारी लांबीरुंदी महत्त्वाची आहेच, पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न खोलीचा असतो. डोक्याच्या कातडीचे पाच थर मानतात. सगळ्यात वर त्वचा. तिच्याखाली चरबी आणि तंतूंचा घट्ट थर, ज्यातून रक्तवाहिन्या जातात. मग कॅनव्हाससारखा चिवट पडदा, ज्याला ‘गॅलिया’ म्हणतात. त्याखाली एक सैलसर थर, ज्याच्यावर डोक्याची कातडी पुढेमागे सरकते. आणि शेवटी हाडाला चिकटलेलं पातळ आवरण. त्याच्याखाली कवटी, आणि कवटीच्या आत मेंदूवरचं जाड आवरण म्हणजे ‘ड्युरा’.

काही बाळांत फक्त वरचा थर नसतो, काहींत पाचही नसतात. साधारण पाचातल्या एका बाळात खालचं हाडही तेवढ्या भागापुरतं बनलेलं नसतं. क्वचित ड्युराही नसतो किंवा नावापुरता असतो, आणि मग त्या पापुद्र्यातून मेंदूची धडधड डोळ्यांनी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण अशा बाळांतही मेंदू स्वतः पूर्ण चांगला असू शकतो. उणीव छपरात असते.

या छपराला लागूनच एक मोठी शीर आहे. डोक्याच्या बरोबर मधल्या रेषेत, ड्युराच्या दोन पदरांमध्ये, मेंदूतलं अशुद्ध रक्त वाहून नेणारा एक रुंद पाट पुढून मागे जातो. त्याला ‘सॅजिटल सायनस’ म्हणतात. कातडी नसण्याची आवडती जागा मधली रेषा, आणि हा पाटही मधल्या रेषेत. खरा धोका या योगायोगात आहे.

धोका केवढा, हे साध्या हिशेबाने कळतं. नवजात बाळाच्या अंगात दर किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं. तीन किलोच्या बाळात सगळं मिळून अडीचशे मिली, म्हणजे पेलाभर. त्यातलं २५ मिली गेलं तर एकदशांश रक्त गेलं. २५ मिली म्हणजे औषधाचे पाच छोटे चमचे. मोठ्या माणसाच्या अंगातून पाच चमचे रक्त गेलं तर तो बोटाला पट्टी बांधून कामाला लागतो.

१८२६ साली एडिंबरोच्या कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी डोक्यावरच्या अशा जागेची नोंद छापली होती. ते बाळ जन्मानंतर अठराव्या दिवशी रक्तस्रावाने गेलं. दोनशे वर्षांपूर्वी जे घडलं, त्याचीच भीती आजही प्रत्येक मोठ्या जागेबाबत असते. फक्त तो रक्तस्राव का होतो हे आता कळलेलं आहे.

कारण आहे कोरडेपणा. पापुद्रा उघडा राहिला की सुकतो, काळी, कडक खपली धरतो. खपली म्हणजे जखम भरतेय असं आपण गुडघा खरचटल्यावर शिकलेलो असतो. इथे मात्र ती खपली थेट ड्युरावर, कधी कधी त्या मोठ्या शिरेच्या भिंतीवरच चिकटलेली असते. डोकं रोज वाढत असतं, बाळ रडतं तेव्हा ड्युरा वरखाली होतो, आणि कडक खपलीला तडा जातो. तडा खाली शिरेपर्यंत गेला की रक्त थांबवणं अवघड. शिवाय तड्यातून जंतू आत जातात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येण्याची वाट मोकळी होते. म्हणून मोठ्या जागेच्या उपचारातला पहिला नियम फार साधा आहे: सुकू द्यायचं नाही.

हाड कोण बांधतं?

हाड नाही म्हटल्यावर कोणालाही वाटतं, की आता हाड बसवायला हवं. धातूची जाळी, प्लॅस्टिकची पट्टी, काहीतरी. नवजात बाळात मात्र शल्यचिकित्सक हाडाची फारशी घाई करत नाहीत, आणि त्यामागचं कारण मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

लहान बाळात कवटीचं हाड तयार करण्याचं काम मुख्यतः ड्युरा करतो. आपण त्याला मेंदूवरचं अस्तर समजतो, पण पहिल्या वर्षभरात त्याच्यातल्या पेशींमध्ये हाड घालण्याची जबरदस्त क्षमता असते. दीड-दोन वर्षांनंतर ती झपाट्याने कमी होते. म्हणजे बाळाच्या कवटीला पडलेल्या भोकाखाली कारागीर आधीच बसलेला आहे. तो जिवंत, ओला आणि शाबूत राहिला तर महिन्यामहिन्याने कडेकडून आणि मधूनही हाडाची बेटं उगवतात, एकमेकांना मिळतात आणि खिडकी बंद होते. तळहाताच्या मध्याएवढी जागाही कसलंही हाड न बसवता भरून आलेली डॉक्टरांनी पाहिली आहे.

याचा उलटा पुरावाही आहे. लहान बाळ पडलं, कवटीला चीर गेली आणि सोबत खालचा ड्युराही फाटला, तर ती चीर मिटण्याऐवजी काही महिन्यांत रुंदावत जाते. मेंदूची धडधड फटीतून बाहेर ढकलते, कडांचं हाड झिजतं. याला ‘वाढतं फ्रॅक्चर’ म्हणतात आणि ते बहुतेक तीन वर्षांच्या आतल्या मुलांतच दिसतं. तिथे शल्यचिकित्सक आधी ड्युरा शिवतात. ड्युरा न शिवता नुसतं हाड बसवून भागत नाही. आणि तिसरा पुरावा अगदीच गमतीचा. काही बाळांच्या कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात, म्हणून तिथलं हाड मुद्दाम कापून काढावं लागतं. अशा शस्त्रक्रियेत डॉक्टरांची तक्रार नेमकी उलटी असते: काढलेलं हाड फार लवकर परत येतं.

एकदा हे कळलं की नवजात बाळाच्या शस्त्रक्रियेचा हेतू स्पष्ट होतो. त्या वयात कवटी बांधायची नसते. बांधणारा ड्युरा झाकून, ओला आणि जंतूंपासून दूर ठेवायचा असतो. पुढचे सगळे निर्णय, ड्रेसिंग की ऑपरेशन, शेजारची कातडी फिरवायची की मांडीची लावायची, आज की तीन महिन्यांनी, हे या एका कामाचे वेगवेगळे मार्ग आहेत.

आधी बोटं मोजा

निर्णय घेण्याआधी बाळाला पूर्ण तपासतात. डोक्यावरची जागा दिसली की चांगले बालरोगतज्ज्ञ आधी हातापायांची बोटं बघतात. डोक्याची कातडी नसणं आणि बोटं आखूड किंवा अपुरी असणं, ही जोडी १९४५ साली ॲडम्स आणि ऑलिव्हर यांनी एका कुटुंबात नोंदवली, आणि तिला त्यांचंच नाव पडलं. अशा बाळांत हृदयाचेही दोष असू शकतात, म्हणून हृदयाची सोनोग्राफी करतात. बाळाच्या चेहऱ्यात, टाळ्यात, हृदयात बरेच दोष एकत्र असतील तर तेराव्या क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं आहे का हे तपासलं जातं. आईला गरोदरपणात थायरॉईड कमी करणारं मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल चालू होतं का, हेही विचारतात. या औषधांचा या दोषाशी संबंध दिसून आला आहे, आणि पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर शक्यतो दुसरं औषध देतात ते त्यामुळेच. गरोदर असताना ही गोळी मनाने बंद मात्र करू नये. अनियंत्रित थायरॉईड आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे.

आणखी एक खूण डोळ्यात भरणारी असते. कधी कधी त्या जागेभोवती इतर जावळापेक्षा काळ्या, लांब, राठ केसांचं कडं असतं, कॉलर असावी तसं. दिसायला मजेशीर, पण त्याचा अर्थ गंभीर असू शकतो. खाली मेंदूच्या आवरणाचा किंवा मेंदूच्या पेशींचा धागा बाहेरपर्यंत आलेला असण्याची शक्यता वाढते. असं कडं दिसलं तर एमआरआय होईपर्यंत कोणी तिथे सुई घालू नये, तुकडा काढू नये, टोकरून बघू नये.

हाड कुठवर आहे, ड्युरा शाबूत आहे का, ती मोठी शीर कुठून जाते, हे सोनोग्राफी आणि एमआरआयवर दिसतं. हाडाच्या तपशिलासाठी सीटी स्कॅन उत्तम, पण त्यात किरणोत्सर्ग आहे. गरज नसेल तर बाळाला तो टाळतात.

ड्रेसिंग: कंटाळवाणं, पण बहुतेकांना पुरतं

दोनेक सेंटीमीटरपर्यंतची, खाली हाड असलेली जागा ड्रेसिंगवर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप भरते. कडांकडून नवी कातडी सरकत मध्ये येते. मागे राहतो एक पातळ, बिनकेसांचा व्रण, जो बहुधा आजूबाजूच्या केसांखाली झाकला जातो. या बाळांना ऑपरेशन न करणं हाच बरोबर उपचार असतो.

ड्रेसिंग बदलणं पाहिलं तर त्यात ऑपरेशनइतकीच शिस्त असते. बाळ गरम दिव्याखाली, कारण या वयात शरीराच्या एकूण पृष्ठभागाचा पाचवा हिस्सा एकटं डोकं असतं आणि ते उघडं पडलं की अंग गार पडतं. जुनं ड्रेसिंग ओढायचं नाही. त्यावर कोमट सलाइनचे थेंब सोडत राहायचे, ते स्वतःहून सुटेपर्यंत. मिनिट जातं, दोन जातात, बाळ चुळबुळतं. मग एक कड उचलली जाते, पुन्हा थेंब. खाली गुलाबी, ओलसर जागा दिसली की परिचारिकेचा चेहरा सैल होतो. पिवळट, फिकट किंवा काळपट दिसली की ती डॉक्टरांना बोलावते. मग न चिकटणारी, मलम लावलेली जाळी, त्यावर ओलं गॉज, त्यावर कोरडं आवरण, आणि शेवटी टोपीसारखी सैल पट्टी. घट्ट बांधायची नाही, डोकं वाढतंय.

काय लावायचं यात एक सापळा आहे. भाजल्यावर लावायचं चांदीचं पांढरं मलम मोठ्यांच्या जखमांना छान काम करतं, पण त्यात सल्फा असतं. नवजात बाळात सल्फामुळे रक्तातलं कावीळ करणारं बिलिरुबिन सुटं होऊन मेंदूपर्यंत जाऊ शकतं, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत ते टाळतात. तपकिरी आयोडीनचं औषध मोठ्या जागेवर रोज लावलं तर बाळाच्या कातडीतून आयोडीन आत जातं आणि थायरॉईडचं काम मंदावू शकतं. घरातल्या औषधांच्या डब्यात या दोन्ही गोष्टी सापडतात, आणि चांगल्या हेतूने लावल्या जातात. नवजात बाळाची उघडी जागा म्हणजे मोठ्या माणसाच्या जखमेची छोटी आवृत्ती नव्हे, हे इथे चटकन विसरलं जातं.

मग ऑपरेशन कोणाचं?

यावर डॉक्टरांचं एकमत नाही, आणि ते असल्याचा आव कोणी आणू नये. जागा तीन-चार सेंटीमीटरहून मोठी, खाली हाड नाही, सॅजिटल सायनस उघडी, असं चित्र असेल तर बरेच शल्यचिकित्सक लवकर झाकण्याच्या बाजूने असतात. उलट इतक्याच मोठ्या जागा नुसत्या ओल्या ड्रेसिंगवर भरल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या पाहून काही जण थांबायला तयार असतात. दोन्ही बाजूंना वजन आहे. थांबलं तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची टांगती तलवार. घाई केली तर काही दिवसांच्या बाळाला भूल, रक्त जाण्याची भीती, आणि डोक्यावरची जी थोडी कातडी आहे तीच कापून वापरायची. ती जगली नाही तर आधीपेक्षा मोठी जागा उघडी.

भुलेबद्दल पालक हमखास विचारतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ साली इशारा दिला, की तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा पुन्हा पुन्हा दिलेली भूल वाढत्या मेंदूवर परिणाम करू शकते. दुसरीकडे, तान्ह्या वयात एकदाच, तासाभराच्या आत दिलेल्या भुलेने पाचव्या वर्षापर्यंत बुद्धीत फरक पडत नाही, असं मोठ्या चाचणीत दिसलं. त्यामुळे गरज असलेलं ऑपरेशन भुलेच्या भीतीने टाळायचं नसतं, आणि थांबू शकणारं ऑपरेशन उगाच पुढे ओढायचं नसतं.

छोट्या जागेच्या कडा थेट ओढून शिवता येतात. पण बाळाच्या डोक्याची कातडी दिसते तितकी सैल नसते. खालचा गॅलिया ताणू देत नाही. म्हणून मोठ्या जागेसाठी ‘फ्लॅप’ करतात: शेजारची कातडी, केसांसकट आणि तिच्या रक्तवाहिनीसकट, अर्धवट उचलून जागेवर फिरवून आणायची.

हे जवळून पाहण्यासारखं असतं. शल्यचिकित्सक आधी शाईने रेघ आखतात. तीन सेंटीमीटरची जागा झाकायची, पण कमान आखली जाते बारा ते अठरा सेंटीमीटर, कारण गोल पृष्ठभागावर कातडी फिरवायची तर वळण लांब लागतं. कमान कानापुढची किंवा डोक्याच्या मागची मोठी धमनी आत राहील अशी आखायची. ती कापली गेली तर फ्लॅप संपला. रेघेवर ॲड्रेनलिन मिसळलेलं औषध टोचतात, म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात. तरी डोक्याच्या कातडीला रक्त फार, आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या तंतूंनी उघड्याच धरून ठेवलेल्या असतात, म्हणून एका वेळी दोन-तीन सेंटीमीटरच कापतात, तिथलं रक्त थांबवतात, मग पुढे. गॅलियाच्या खालचा सैल थर उलगडत कातडी उचलली जाते आणि हाडावरचं पातळ आवरण मागे सोडलं जातं. ते सोडणं महत्त्वाचं, कारण फ्लॅप सरकल्यावर मागे जी जागा उघडी पडेल तिच्यावर मांडीची पातळ कातडी लावायची असते, आणि ती उघड्या हाडावर धरत नाही. मग फ्लॅप उलटा करून गॅलियावर आतून समांतर चिरा देतात. एका चिरेने कातडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर सैल होते. चिरा गॅलियापुरत्याच, केसभर खोल गेलं की वरची रक्तवाहिनी.

इकडे कोपऱ्यात एक जण छोट्या तराजूवर रक्ताने भिजलेलं प्रत्येक गॉज वजन करत असतो. कोरड्या गॉजचं वजन वजा करायचं, आणि उरलेला एक ग्रॅम म्हणजे अंदाजे एक मिली रक्त. आकडा मोठ्याने सांगितला जातो: आठ, अकरा, चौदा. भूलतज्ज्ञ मान डोलावतात. बाळाला जुळणारं रक्त पहिला काप घेण्याआधीच खोलीत आणून ठेवलेलं असतं.

फ्लॅपला पुरेशी कातडीच नसेल, किंवा बाळ फार छोटं आणि आजारी असेल, तर मांडीवरून अतिशय पातळ कातडी काढून थेट जागेवर पसरतात. यालाच ग्राफ्ट म्हणतात. ड्युराला रक्तपुरवठा चांगला असल्याने ती त्याच्यावर बहुधा धरते. ऑपरेशन छोटं, रक्त कमी. पण या कातडीवर केस येत नाहीत, आणि ती पातळच राहते. ड्युराच नसेल तर मात्र आधी त्याच्या जागी ठिगळ शिवावं लागतं, आणि मेंदूभोवतीचं पाणी झिरपणार नाही इतकं घट्ट.

जागा उघडी नसून फुगलेली असते तेव्हा

कवटीच्या दोषाचा आणखी एक प्रकार याच्याशी गल्लत होण्यासारखा आहे. हाडाच्या भोकातून आवरणं, पाणी आणि कधी मेंदूचा भाग पिशवीसारखा बाहेर येतो, बहुधा डोक्याच्या मागे किंवा नाकाच्या मुळाशी. हे ‘एन्सेफॅलोसील’. इथे पुढे काय होईल हे मुख्यतः पिशवीत किती मेंदू आहे यावर ठरतं. नुसतं पाणी आणि आवरण असेल तर पुष्कळ मुलं चांगली वाढतात. कातडी शाबूत असेल तर योजून, वेळ घेऊन ऑपरेशन करतात. कातडी फाटून पाणी झिरपत असेल तर थांबायला वेळ नसतो. पिशवीतला कामाचा मेंदू परत आत ठेवून ड्युरा शिवला जातो. बऱ्याच बाळांत नंतर डोक्यात पाणी साठतं आणि ते पोटात सोडणारी नळी बसवावी लागते. हाडाचं भोक इथेही बहुधा तसंच सोडतात. ते ड्युरा बघून घेतो.

उरलेलं काम

कारागीर कधी कधी काम अर्धवट सोडतो. दोन-तीन वर्षांनंतरही डोक्यावर मऊ खिडकी राहिली असेल, तर तिथे हाड बसवायचा विचार होतो. मुलाचं स्वतःचं हाड सगळ्यात चांगलं, कारण ते डोक्याबरोबर वाढतं. धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी वाढत नाही. वाढत्या कवटीत ती सैल होते, सरकते. मोठ्यांच्या कवटीची वरची आणि खालची पाटी वेगळी करून एकाच्या दोन पाट्या करता येतात, पण त्यासाठी मधला जाळीदार थर तयार व्हावा लागतो, आणि तो तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत नीट बनत नाही. त्याआधी हाड लागलंच तर बरगडी वापरतात, किंवा हाताने फिरवायच्या सामत्याने कवटीच्याच दुसऱ्या भागातून हाडाचा कीस काढून खिडकीत भरतात. ओल्या भुशासारखा दिसणारा तो कीस काही महिन्यांत हाड होतो.

केसांचं काम आणखी पुढचं. बिनकेसांचा मोठा पट्टा मुलाला खटकू लागला, की शेजारच्या केसाळ कातडीखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी ठेवतात आणि दर आठवड्याला सुईने थोडं थोडं सलाइन भरतात. पिशवी फुगते, वरची कातडी ताणून वाढते, आणि काही आठवड्यांनी पिशवी काढून ती वाढलेली कातडी व्रणाच्या जागी ओढतात. मधले आठवडे डोक्यावर भलंमोठं टेंगूळ दिसतं, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला त्याची आधी कल्पना द्यावी लागते. नवे केस यातून उगवत नाहीत. आहेत तेच विरळ होऊन जास्त जागेत पसरतात, म्हणून कातडी दुपटीच्या फार पलीकडे ताणत नाहीत. हे काम कवटी पुरेशी टणक झाल्यावरच, कारण पिशवीचा दाब खालीही पडतो.

तोवर दर काही आठवड्यांनी तपासणी. डोक्याचा घेर मोजायचा. जन्मावेळचे ३५ सेंटीमीटर वर्षभरात सुमारे ४६ होतात, त्याहून वेगाने वाढला तर पाणी साठतंय का पाहायचं. डोकं सारखं एकाच कुशीवर ठेवायचं नाही. आणि मग डॉक्टर तर्जनीने खिडकीची कड चाचपतात, खूप हलक्या हाताने, गोल फिरत. पहिल्या महिन्यात बोटाखाली मऊ लागतं आणि धडधड जाणवते. चौथ्या महिन्यात कड थोडी आत सरकलेली असते, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी टणक. नवव्या महिन्यात बोट फिरतं, थांबतं, पुन्हा फिरतं, आणि डॉक्टर आईचं बोट धरून त्या जागेवर ठेवतात. धडधड लागत नाही.